उक्ती वरात

“घोडं. तिथं घोडं लिव्ह.”

“अब्बा, ह्ये मशीन विचारतंय, या कामात जोखीम काय हाय?”

“मग मी काय हळदीकुंकवाचं सांगायलोय व्हय? बँडवाल्याला घोड्यापरास मोठी जोखीम कंची? नवरदेव खाली पडला तर माणसं हसत्यात आनि उचलून परत वर बसवत्यात. घोडं बुजलं तर आमचा साईड ड्रम फुटतोय. लिव्ह घोडं.”

मदिहानं घोडं लिहिलं.

“आता विचारतंय, काम संपल्यावर गिऱ्हाईकाच्या हातात काय पडणार?”

“हातात?” दिलदार मास्तरानं क्लॅरनेट पुसायचं फडकं मांडीवर ठेवलं. “हातात काय पडत न्हाय बाळ. कानात पडतंय.”

“मग कान लिहू?”

“आवाज लिव्ह. मोठा आवाज.”

“आनि दुरुस्त्या किती वेळा फुकट करून देणार?”

“कसल्या दुरुस्त्या?”

“म्हंजे काम झालं, गिऱ्हाईक म्हणालं पुन्हा एकदा करा, तर किती वेळा करायचं?”

“वन्स मोर म्हन की सरळ! नवरीचा भाऊ दमस्तवर करायचं.”

“आकडा पायजे, अब्बा.”

“तीन घाल. तिसऱ्याला त्यो आपोआप लवंडतोय.”

हे बोलणं चाललं होतं शाहूपुरीतल्या एका गाळ्यात. गाळ्याच्या भिंतीवर ट्रम्पेटं टांगलेली, खुंटीला सोनेरी झालरीचे लाल कोट, आणि मधोमध मोठा ढोल आडवा टाकून त्यावर मदिहाचा लॅपटॉप. शेजारी ढोलाचा मालक गुंडू उकिडवा बसला होता. आपल्या वाद्याचं टेबल झालेलं त्याला रुचलं नव्हतं. पण पोरगी शिकलेली, म्हणून गप होता. घरात बापलेकीचं बोलणं दखनीत चालायचं. गुंडू बसला असला की मराठीत, आणि मास्तर चिडला की दोन्ही एकदम.

दिलदार नदाफ म्हणजे ‘न्यू रोशन ब्रास बँड’चा मालक आणि मास्तर. जुना रोशन बँड कुठं होता, हे कुणाला ठाऊक नाही. नदाफांचा धंदा मूळचा गाद्या पिंजायचा. बापानं पोराला कोवळ्या वयात क्लॅरनेट धरायला लावलं. म्हणाला, माझी छाती कापसानं भरली, तुझी निदान वाऱ्यानं भर. पोरानं भरली. आता मास्तर पन्नाशी ओलांडून गेलेला, गाल बेडकासारखे सैल, मिशी क्लॅरनेटच्या आकारानं मधे झिजलेली.

पण त्याची खरी कमाई क्लॅरनेट नव्हे. त्याची कमाई म्हणजे जबान. दिलदार मास्तरानं एकदा सुपारी घेतली की लग्नघरात बँडची काळजी कुणी करायची नाही. पंचगंगेला मोठा पूर आला तेव्हा मास्तरानं गुळाच्या काहिलीत ढोल आणि गुंडू दोघांना बसवून पलीकडं नेलं होतं आणि ठरल्या वेळी नवरदेवापुढं उभा राहिला होता. गुंडू अजून सांगतो, “काहिलीत मी खालती हुतो आनि ढोल वरती. बुडालो असतो तर आधी मी.” आणि दुसरी गोष्ट, दारात नवरानवरी उभी असताना न्यू रोशनचं वाजप कधी थांबलेलं नाही. या दोन गोष्टींवर मास्तराचं नाव उभं होतं. कुठली एक मोडली असती तर लाल कोट विकून तो परत गाद्या पिंजायला बसला असता, आणि हे तो नुसतं बोलायचा नाही, कापूस पिंजायची धनुकली घरात अजून ठेवली होती.

मदिहा शाहूपुरीतच एका इंजिनिअरांच्या ऑफिसात कामाला होती. तिथं पूल, बंगले, शेड असल्या कामांचा सगळा कारभार एका सॉफ्टवेअरवर चालायचा. काम कुणाचं, टप्पे किती, कुठल्या टप्प्याला किती बिल, सगळं त्यात. तेच तिनं बापाच्या बँडला बसवायला घेतलं. सॉफ्टवेअरला काय, पूल काय आणि वरात काय, दोन्ही प्रकल्पच.

याला कारण झाला कागलचा एक नवरदेवाचा मामा. बँड तासावर ठरला होता. मामानं मोबाईलवर घड्याळ लावलं. ट्रम्पेटवाला शिंकला की घड्याळ बंद. कुणी पाणी प्यायलं की बंद. शेवटी मास्तर श्वास घ्यायला थांबला तर मामा म्हणाला, “ह्यो श्वास तुमच्यातनं धरायचा का आमच्यातनं?”

त्या दिवशी मास्तर घरी आला आणि म्हणाला, “विहीर उक्ती घेत्यात, ऊस उक्ता तोडत्यात, गवंडी घर उक्तं बांधतोय. वरातच कशाला तासावर? उक्तं घ्यायचं. आकडा एकदा ठरला की ठरला. मग दिस उगवू दे न्हायतर मावळू दे.”

मदिहानं सॉफ्टवेअरमधे ‘ताशी’ होतं ते काढलं आणि ‘ठरलेली रक्कम’ निवडली. गाडी आली पुढच्या रकान्यावर.

“काम पूर्ण झालं असं कधी धरायचं?”

“वरात दारात पोचल्यावर,” गुंडू पहिल्यांदाच बोलला.

“गुंड्या, तुझ्या लग्नात दारात पोचल्यावर थांबलो हुतो का मी?”

“न्हाय. भाकरतुकडा ओवाळस्तवर वाजवलासा.”

“मग? भाकरतुकडा लिव्ह, मदिहा.”

“अब्बा, साडेचार वाजता असं काहीतरी घाला की.”

“वरात काय एस्टी हाय व्हय साडेचारला सुटायला? भाकरतुकडा पडला की काम संपलं. जगात दुसरी खूण न्हाय.”

आता भाकरतुकडा कुणाला सांगायला नको. नवी जोडी उंबऱ्यात उभी करायची, घरातल्या बाईनं भाकरीचा तुकडा आणि पाणी त्यांच्यावरनं उतरून लांब टाकायचं, दृष्ट निघाली की मग आत घ्यायचं. मदिहानं टप्पे भरले: पहिला सुपारी, दुसरा वरात उठली, तिसरा भाकरतुकडा. तिसरा टप्पा झाला की सॉफ्टवेअर गिऱ्हाईकाला मोबाईलवर विचारणार, झालं का? त्यानं ‘हो’ दाबलं की काम बंद आणि बिल चालू. टप्पा लांबला तर दर अर्ध्या तासाला गिऱ्हाईकाला आणि ‘संबंधित व्यक्तींना’ आठवण जाणार.

“आनि हे बघा, एक काम उघडं असताना दुसरं सुरू करायला द्यायचं का?”

“अजाबात न्हाय. एका बँडला एका वक्ताला एकच नवरा.”

तेही तिनं घातलं. मास्तराला फार बरं वाटलं. इतके दिवस जे तो बोंबलून सांगायचा, ते आता मशीन सांगणार होतं.

उक्त्याची पहिली सुपारी आली गडमुडशिंगीच्या अण्णासो पाटलाची. अण्णासो जैन, ऊस आणि खताचं दुकान, माणूस सरळ पण हिशेबी. त्याच्या अभिनंदनचं लग्न. अण्णासोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजे कितीबी येळ वाजवा, आकडा त्योच?”

“त्योच.”

“लिव्हा की मग.”

संबंधित व्यक्ती कोण, या रकान्याला अण्णासो म्हणाला, “लग्नाला कोण असंबंधित असतंय का मास्तर? सगळी भावकी घाला.” आणि भावकीतल्या झाडून सगळ्यांचे नंबर दिले.

दुसरी सुपारी आली शेजारच्याच उचगावच्या गणपतरावाची. त्याच दिवशी. गणपतरावाच्या राजवीरचा परण्या निघायचा होता, म्हणजे नवरदेव घोड्यावरनं मारुतीला जाऊन कार्यालयात अक्षतांना उभा राहायचा, आणि मुहूर्त गोरज. मास्तरानं मनात मांडणी केली. जैनाच्या घरची जेवणं दिवस मावळायच्या आत. वरात घड्याळाला भीत नाही, पण पाटलाची वरात सूर्याला भिणार. म्हणजे दुपार कलायच्या आत भाकरतुकडा पडतोय, आणि उचगाव तर कुसाला कूस लागून. मास्तरानं सुपारी घेतली आणि गणपतरावाला म्हणाला, “मुहूर्ताच्या आधी तुमच्या घोड्याम्होरं हाय बघा मी.” मदिहानं पहिल्याच कामाचा साचा उचलून दुसऱ्याला लावला. नाव बदललं, बाकी सगळं तेच.

लग्नाच्या दिवशी गडमुडशिंगीच्या वेशीतनं वरात उठली ती झोकात. नवरीच्या भावानं तीन वन्स मोर घेतले आणि तिसऱ्याला, मास्तरानं सांगितलं होतं तसा, तो लवंडला. घोडं बुजलं नाही. ऊन अजून चांगलं टणक होतं तेव्हाच वरात पाटलाच्या दारात लागली. मास्तरानं गुंडूकडं बघून डोळा घातला आणि उंबऱ्याची चाल सुरू केली. ही चाल न्यू रोशन फक्त उंबऱ्यापाशीच वाजवतं. हळूहळू चढत जाते आणि भाकर हवेत उडाली की एकदम तुटते.

चाल चढली. अण्णासोची बायको अरुणा ताट घेऊन पुढं आली. ताटात पाण्याचा तांब्या आणि सकाळीच तिनं हातानं थापलेली ज्वारीची भाकरी.

तेवढ्यात गर्दीतनं आवाज आला, “अरुणा, ताट हिकडं दे.”

ही शालूबाई. अण्णासोची थोरली बहीण, चिकोडीकडं दिलेली. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. आई लवकर गेली म्हणून अण्णासोला तिनंच वाढवला होता. तिच्या पदराखाली तिची स्वतःची भाकरी होती, चिकोडीहून फडक्यात बांधून आणलेली.

“का वो अक्का?” अरुणा म्हणाली. “पोरगं माझं हाय.”

“पोरगं तुझं, पर त्याचा बाप मी वाढवलाय.”

“मग बापाला ओवाळा की. त्यो काय तिथंच उभा हाय.”

“घरातली थोरली कोन?”

“घर कुनाचं?”

बायका दोन्हीकडं वाटल्या गेल्या. मास्तरानं चाल उतरवली आणि परत पहिल्यापासून धरली. अण्णासो मधे आला. दोघींकडं बघून म्हणाला, “दोघी मिळून ओवाळा की. काय बिघडतंय?”

यावर दोघींचं पहिल्यांदा एकमत झालं. दोघी मिळून त्याच्यावर ओरडल्या. अण्णासो म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय म्हणून गोठ्यात गेला तो गेलाच.

उंबऱ्याच्या बाहेर अभिनंदन आणि त्याची नवी बायको आदिती उभी. पुढं तांदळाचं मापटं, ओलांडायचं. मागं न्यू रोशन ब्रास बँड. आदितीनं थोडा वेळ बघितलं आणि नवऱ्याला हळूच विचारलं, “मागचं दार हाय का वो तुमच्या घराला?”

“हाय, पर तिथं मावशी बसल्यात. अक्काच्या बाजूच्या.”

गुंडूनं ठेका न सोडता मान वाकडी केली. “मास्तर, थांबूया का जरा? पोटऱ्या आवळल्या.”

मास्तरानं क्लॅरनेट ओठावरनं अर्धा सेकंद काढलं. “दारात जोडी उभी हाय आनि वाजप थांबवू? उद्या गावभर हुईल, दिलदारनं बिनवाजपाची नवरी आत घेतली.” आणि परत फुंकायला लागला.

उंबऱ्याची चाल इतक्यांदा वाजली की पाटलाच्या दारातलं कुत्रंसुद्धा ती कुठं तुटणार त्या जागेला कान टवकारायला लागलं. मग मास्तरानं बाकीचं काढलं. भजन झालं. अंगाई झाली. मागच्या निवडणुकीत वाजवलेली प्रचाराची चाल झाली, त्यावर दोन म्हातारे सवयीनं घोषणा देऊन गेले. शेवटी ट्रम्पेटवाल्यांनी साखर कारखान्याच्या भोंग्याची नक्कल केली, तर कारखान्यात कामाला असलेली चार माणसं शिफ्ट बदलली समजून उठली.

आणि तेव्हा पहिली आठवण आली.

मांडवातल्या सगळ्या भावकीचे मोबाईल एकदम वाजले. चुलते, मामे, आत्या, जावई, सगळ्यांनी खिशात हात घातले. मजकूर मदिहानंच मराठीत करून ठेवला होता: ‘नमस्कार. आपल्या प्रकल्पातील “भाकरतुकडा” हा टप्पा प्रलंबित आहे. कृपया तो लवकरात लवकर पूर्ण करून सहकार्य करावे.’

“आयला, नोटीस आली!” एक चुलता म्हणाला.

“कुनाची?”

“नाव न्हाय कळत. पर मराठी सरकारी हाय.”

अक्कानं आपल्या नातीकडनं वाचून घेतलं. “ऐकलंस का अरुणा? सहकार्य करा म्हनत्यात. दे ताट.”

“ते तुमास्नी म्हनत्यात, अक्का. मी कवाची तयार हाय.”

“मला कशाला म्हनतील? मी कर्नाटकात ऱ्हाते. महाराष्ट्राची नोटीस मला लागू न्हाय.”

लोकांची पोटं आता बोलायला लागली होती. जोडी आत गेल्याशिवाय पंगत बसत नव्हती, आणि दिवस मावळल्यावर बसून उपयोग नव्हता. आचारी दारात येऊन भात निवतोय म्हणून सांगून गेला. मग स्वतःच भुकेनं परत गेला. तेवढ्यात दुसरी आठवण आली. आता दोन्ही बाजूंच्या बायका ती मोठ्यानं वाचून एकमेकींच्या तोंडावर फेकायला लागल्या. पलीकडच्या गल्लीतल्या एका माणसाला मेसेज गेला नव्हता, तो रुसून घरी गेला.

मास्तरानं चाल ट्रम्पेटच्या हवाली केली आणि मांडवामागं जाऊन मदिहाला फोन लावला. त्याचे ओठ इतके सुजले होते की ‘म’ निघेना.

“अब्बा, काय झालं?”

“तुझं मशीन पाटलाच्या भावकीला नोटिसा धाडायलंय. बंद कर.”

“टप्पा पूर्ण झाल्याशिवाय बंद होत न्हाय. मी झाला म्हणून टिक करू? लगेच काम बंद होईल. तुम्ही सुटाल.”

मास्तरानं वर बघितलं. सूर्य गोठ्याच्या पत्र्याकडं कलला होता. उचगावात घोडं सजवून उभं असणार. एक बोट दाबायचं काम होतं. कोण विचारणार होतं?

“भाकर हातात हाय अजून,” तो म्हणाला. “दोन हातांत. पडली न्हाय ती पडली म्हनून लिवायची, आनि जोडी तशीच दारात सोडून निघायचं? न्हाय जमायचं.”

“मग उशीर होणार. आनि दुसऱ्या गिऱ्हाईकाला मेसेज गेला बघा आत्ताच. आपोआप.”

“काय गेला?”

मदिहानं वाचून दाखवला: ‘आपला प्रकल्प श्री. अण्णासो पाटील, गडमुडशिंगी यांचा भाकरतुकडा झाल्याशिवाय सुरू होऊ शकत नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

मास्तरानं कपाळाला हात लावायच्या आत गणपतरावाचा फोन आला.

“मास्तर! माझ्या पोराच्या परण्याचा आनि त्या पाटलाच्या भाकरीचा संबंध काय वो?”

“अडकलोय बघा गणपतराव. पर मुहूर्ताआधी येतो. जबान हाय.”

“जबान ऱ्हाऊ दे. पाटलाची भाकर कुनी अडवलीया ते सांगा.”

मास्तरानं सांगितलं. पलीकडनं फोन बंद झाला.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, मास्तर तर दोन्ही घरांत उभा राहून उपाशी होता. अर्धा बँड पाठवावा असं एकदा मनात आलं. गुंडूला विचारलं तर तो म्हणाला, “अर्धा बँड म्हंजे अर्धी मिशी भादरल्यागत दिसंल मास्तर. आनि ढोल मी कुनाला अर्धा देनार न्हाय.” मास्तर परत क्लॅरनेटला चिकटला. आता सुरांत सूर राहिला नव्हता. नाकातनं, कानातनं, कुठनं जमेल तिथनं वारा काढत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आज दोनातलं एक मोडणार. कुठलं, तेवढंच ठरायचं होतं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला ट्रॅक्टर दिसला.

ट्रॉलीत उचगावचं अख्खं वऱ्हाड उभं होतं. मधे मुंडावळ्या बांधलेला राजवीर, एका हातानं ट्रॉलीची फळी आणि दुसऱ्या हातानं कट्यार धरून. मागनं सजवलेलं घोडं मोकळंच चालत येत होतं. ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी गणपतराव, आणि मडगार्डावर त्याची आई विठाबाई, नऊवारीचा काष्टा आवळून.

पाटलाच्या भावकीला वाटलं, पाहुणेच आले. दोघंतिघं पुढं धावले. “या या पावणं! दमला असशीला. पानी घ्या. जेवूनच जायाचं आता.”

“तुमी जेवलासा का?” गणपतरावानं विचारलं.

“न्हाय अजून.”

“का?”

सगळ्यांनी उंबऱ्याकडं बोट केलं.

विठाबाई मडगार्डावरनं उतरली. गर्दीनं वाट दिली. ती सरळ दोघींच्या मधे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “भाकर कुठाय?”

“ही माझी,” अरुणा म्हणाली.

“ही माझी,” अक्का म्हणाली.

“तू कोन गं आजी?” अरुणानं विचारलं.

“मी मुहूर्तवाली,” विठाबाई म्हणाली. तिनं दोन्ही भाकऱ्या काढून घेतल्या. अरुणाच्या भाकरीचा एक तुकडा मोडला, अक्काच्या भाकरीचा एक मोडला, दोन्ही एका मुठीत धरले. “किती उभं करतीसा गं लेकरास्नी? नवरी वाळून खारीक झाली. असली दृष्ट तुमी दोघींनीच लावलीया, दुसरं कोन लावतंय.” आणि तोंडानं पुटपुटत मूठ अभिनंदन आणि आदितीवरनं उतरायला लागली.

क्लॅरनेटनं उंबऱ्याची चाल धरली. शेवटची.

हात चालू झाला तो विठाबाईला आवरेना. बाजूला स्वतःचा नातू मुंडावळ्या बांधून उभा, तोही या नोटिसांच्या भानगडीत उन्हात उभा राहिलेला. तिनं राजवीरवरनंही मूठ उतरली. मग घोड्यावरनं. मग तांब्यातलं पाणी फिरवलं आणि तुकडे लांब भिरकावले. कुत्र्यानं ते वरच्यावर झेलले आणि चाल बरोबर तिथंच तुटली.

किती तरी वेळानं गडमुडशिंगीत कावळा ओरडलेला ऐकू आला.

अरुणानं अक्काकडं बघितलं. अक्कानं अरुणाकडं. तिनं ओवाळलं नव्हतं आणि हिनंही नव्हतं.

“देवानंच धाडली म्हातारी,” अक्का म्हणाली.

“न्हाय तर काय,” अरुणा म्हणाली. “चला अक्का, पानं मांडा.”

आदितीनं मापटं असं ओलांडलं की तांदूळ परसापर्यंत गेला. मागनं अख्खी भावकी पंगतीवर तुटली. कुणीतरी जाता जाता बँडवाल्यांच्या हातावर बुंदीचे लाडू ठेवले. अण्णासो गोठ्यातनं बाहेर आला, मोबाईलवर प्रश्न होता: ‘भाकरतुकडा पूर्ण झाला का?’ त्यानं ‘हो’ दाबलं आणि पळत जाऊन पानावर बसला.

पहिलं काम बंद झालं, तसं सॉफ्टवेअरनं दुसरं उघडलं. साचा तोच होता, गिऱ्हाईक तेवढं वेगळं, आणि गिऱ्हाईकाला विचारायचा टप्पा एकच, तिसरा. म्हणून आता त्यानं गणपतरावाला विचारलं, ‘भाकरतुकडा पूर्ण झाला का?’

गणपतराव खोटं बोलणारा माणूस नव्हता. आईनं आपल्या पोरावरनं भाकर उतरलेली त्यानं डोळ्यानं बघितली होती. त्यानं ‘हो’ दाबलं.

मोबाईल परत वाजला. गणपतरावानं वाचलं, परत वाचलं आणि मास्तराच्या नाकापुढं धरला. “ह्ये काय वो? ‘आपला प्रकल्प यशस्वीपणे पूर्ण झाला आहे. न्यू रोशन ब्रास बँड निवडल्याबद्दल आभार.’ खाली बिल हाय. त्याच्याखाली विचारतंय, किती तारे देणार! मास्तर, माझ्या पोराच्या परण्यात अजून पिपानी वाजली न्हाय, आनि यशस्वी झाला?”

गुंडूनं ढोल खाली ठेवला होता आणि लाडवाचा शेवटचा घास तोंडात टाकत होता. “मास्तर,” तो भरल्या तोंडानं म्हणाला, “कागदावर तर संपलंच की. दोन्हीबी. घरला जाऊया का?”

सगळा बँड मास्तराच्या तोंडाकडं बघायला लागला. ट्रम्पेटवाल्यांचे ओठ वांग्यासारखे झाले होते. गणपतराव मोबाईल धरून तसाच उभा. मागं राजवीर घोड्यावर चढायला बघत होता आणि घोडं त्याला चढू देत नव्हतं. विठाबाई परत मडगार्डावर जाऊन बसली होती आणि म्हणत होती, “आरं आवरा की! दिस काय तुमच्या बाचा नोकर हाय व्हय थांबायला?”

मास्तरानं सूर्याकडं बघितलं. पत्र्याच्या वर अजून हातभर होता. उचगावची वेस इथनं हाक मारली तर ऐकू येईल एवढी.

“मशिनीत संपलंय, गणपतराव,” तो म्हणाला. “घोड्यावर अजून चढला न्हाय तुमचा पोरगा. उक्तं घेतलंय मी. कार्यालयाच्या दारात सोडस्तवर माझं.”

“मग तारे किती देऊ?”

“आधी पोराला घोड्यावर बसवा. तारे निघायच्या आत पोचायचंय.”

कोटाच्या खिशात फोन थरथरत होता. मदिहाचा असणार, दोन्ही कामं कशी काय संपली म्हणून. मास्तरानं तो काढला नाही. त्यानं लाडू झालरीच्या खिशात टाकला, क्लॅरनेटची पत्ती जिभेनं ओली केली, सुजलेल्या ओठात कशीबशी बसवली आणि घोड्याच्या पुढं, घोड्यापासनं चांगलं दोन वाव अंतर राखून उभा राहिला.

“गुंड्या, ढोल उचल,” तो म्हणाला. “आनि जरा पळता ठेका धर.”

गुंडूनं ढोल गळ्यात अडकवला. उचगावच्या रस्त्यानं वाजप सुरू झालं.